करार होईपर्यंतचा करार

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या एसटीच्या, कर्मचाऱ्यांसाठी तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अंतरिम वेतनवाढ जाहीर केली, तेव्हा दिवाळीपासून चिघळलेला संप आता मिटेल, अशी सरकारची अपेक्षा होती. प्रत्यक्षात संप त्यानंतरही सुमारे पाच महिने चालला. त्या वाढीने ज्येष्ठ आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या पगारात जो तिढा निर्माण केला, तो सुटण्यासाठी तर सप्टेंबर २०२४ उजाडावे लागले. तात्पुरती म्हणून दिलेली रक्कम कायमची कशी होते, ती देताना काय लिहिलेले असते आणि काय लिहायचे राहून जाते, हे समजून घ्यायचे असेल तर सार्वजनिक सेवेतील वेतनवाटाघाटींची एकूण रीतच आधी पाहावी लागते, कारण ही रीत खासगी कारखान्यातील रीतीसारखी दिसत असली तरी तशी चालत नाही.

आपल्याकडे सरकारी तिजोरीतून किंवा सरकारच्या आधारावर पगार घेणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. मंत्रालयातील लिपिक, तलाठी, केंद्र सरकारच्या कार्यालयांतील अधिकारी हे खऱ्या अर्थाने शासकीय सेवक असून त्यांचे वेतन करार करून ठरत नाही. ते वेतन आयोगाच्या शिफारशी आणि त्यावरील शासननिर्णय यांनी ठरते. केंद्रीय कर्मचाऱ्यांशी विचारविनिमय करण्यासाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे आणि काही विषयांत लवादाकडे जाण्याची सोयही आहे, परंतु अंतिम शब्द सरकारचाच राहतो. संपाच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूतील टी. के. रंगराजन यांच्या खटल्यात, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक असा कोणताच अधिकार नाही, असे बजावले होते. दुसरा वर्ग महामंडळे, सार्वजनिक बँका, वीज कंपन्या, महापालिकांचे परिवहन उपक्रम यांतील कर्मचाऱ्यांचा. त्यांची संस्था सरकारच्या मालकीची असली तरी ते औद्योगिक कायद्यांच्या अर्थाने ‘कामगार’ ठरतात, त्यांच्या संघटना ठरावीक मुदतीचे वेतनकरार करतात आणि कायद्याने घातलेली पथ्ये पाळून संपही करू शकतात.

या दोन वर्गांतील फरक लक्षात घेतला म्हणजे २०२१ च्या संपात विलीनीकरणाची मागणी एवढी तापली का, याचा उलगडा होतो. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी वरवर पाहता दर्जाची किंवा प्रतिष्ठेची वाटते, पण तिचा खरा रोख वेतन ठरवण्याच्या पद्धतीवर होता. दर चार वर्षांनी करारासाठी भांडायचे, तो रखडला की महागाई भत्त्यासाठी वेगळे भांडायचे, आणि टाळेबंदीत गाड्या आगारात उभ्या राहिल्या की पगाराची तारीखच पुढे सरकते हे निमूट पाहायचे, यापेक्षा वेतन आयोग बरा, असा चालक-वाहकांचा हिशेब होता. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. करारपद्धतीवरचा विश्वास उडाल्याशिवाय कोणीही सौदा करण्याचा हक्क आपण होऊन सोडायला निघत नाही.

करार होतो कसा, याची पद्धत कायद्याने बऱ्यापैकी आखून दिलेली आहे. आधीच्या कराराची मुदत संपत आली की संघटना व्यवस्थापनाला मागणीपत्र देते, ज्यात मूळ वेतन, वार्षिक वेतनवाढीचा दर, महागाई आणि घरभाडे भत्ता, कामाचे तास, रात्रवस्तीचा भत्ता, रजा, गणवेश अशा बाबी कलमवार मांडलेल्या असतात. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर मागणीपत्रावर बोलायचे कोणी, हा प्रश्न सोडवण्यासाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा कायदा केला. त्यानुसार अर्जाच्या लगतच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के कर्मचारी ज्या संघटनेचे सभासद आहेत, तिला औद्योगिक न्यायालय मान्यता देऊ शकते, आणि मग वाटाघाटीचा अधिकार त्या मान्यताप्राप्त संघटनेकडे जातो. याच कायद्याने संपालाही चौकट घातली: १४ दिवसांची नोटीस हवी, मान्यताप्राप्त संघटना असेल तर नोटिशीपूर्वी तिच्या बहुसंख्य सभासदांचा कौल हवा, आणि करार लागू असताना त्यातल्याच विषयांसाठी संप करता येणार नाही.

दोन्ही बाजूंचे जुळले नाही तर कामगार आयुक्तालयाचा समेट अधिकारी मध्ये पडतो. त्याच्यासमोर झालेल्या समझोत्याला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वेगळे वजन होते. एरवी खासगीत झालेला समझोता त्यावर सही करणाऱ्या पक्षांपुरताच असे, तर समेटाच्या कामकाजात झालेला समझोता आस्थापनेतील सर्वांना, पुढे नोकरीला लागणाऱ्यांनाही, बांधून ठेवत असे. हा कागद दिसायला अगदी साधा असतो. वर दोन्ही पक्षांची नावे, मालकातर्फे कोण आणि कामगारांतर्फे कोण, त्याखाली वादाची थोडक्यात हकिकत, मग समझोत्याच्या अटी, शेवटी सह्या आणि साक्षीदार. हकिकतीचा परिच्छेद बहुतेक वेळा कोणी वाचत नाही, परंतु पुढे एखाद्या अटीचा अर्थ लावण्याची वेळ आली की न्यायालय पहिल्यांदा तोच वाचते, कारण रक्कम कशासाठी आणि कोणत्या मागणीपोटी दिली, याचे उत्तर तिथे असते.

कराराची मुदत संपली म्हणजे करार संपला, असे मात्र होत नसे. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ठरलेली मुदत उलटल्यावरही, एखाद्या पक्षाने तो संपवत असल्याची लेखी सूचना देऊन दोन महिने होईपर्यंत समझोता बंधनकारक राहत असे. शिवाय समेटाचे किंवा न्यायनिवाड्याचे काम चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या होतील अशा बदलण्यास मालकाला मनाई होती. अशी व्यवस्था आपल्यापुरतीच आहे असे नाही. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात सार्वजनिक कर्मचाऱ्यांना संपाची बंदी घालणारा टेलर कायदा १९६७ मध्ये आला, आणि १९८२ च्या दुरुस्तीने तिथेही नवा करार होईपर्यंत जुन्या कराराच्या अटी चालू ठेवण्याचे बंधन सरकारी मालकावर पडले. संपाचा हक्क काढून घेतल्यावर निदान जमीन तरी पायाखालून सरकू नये, असा त्यामागचा विचार.

जुना करार चालू राहतो, ही सोय कामगारांच्या संरक्षणाची खरी, पण तिचा दुसरा परिणाम असा की मालकाला घाई उरत नाही. जुन्या दराने पगार देत राहणे हे नव्या दराने देण्यापेक्षा स्वस्तच असते आणि थकबाकी पुढे कधीतरी द्यावी लागेल ही चिंता आजच्या ताळेबंदात ठळकपणे दिसत नाही. त्यातच सार्वजनिक संस्थांमध्ये समोर बसलेल्या मालकाच्या हातात फारसे काही नसते. मार्ग परिवहन महामंडळांच्या १९५० च्या कायद्यातील ३४ व्या कलमाने राज्य सरकारला महामंडळास निर्देश देण्याचा अधिकार दिलेला असून त्यात सेवाशर्ती आणि कर्मचाऱ्यांचे वेतन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिकिटाचे दरही महामंडळ आपल्या मर्जीने वाढवू शकत नाही, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा सवलतमूल्याच्या प्रतिपूर्तीतून येतो. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागल्यावर हे अवलंबित्व आणखी वाढले. म्हणजे चर्चेच्या टेबलावर व्यवस्थापन आणि संघटना असे दोन पक्ष दिसतात, पण ज्याच्या होकाराशिवाय एक रुपयाही वाढत नाही तो वित्त विभाग खोलीच्या बाहेर असतो. वाटाघाटी लांबतात त्या पुष्कळदा हट्टामुळे नव्हे, तर या गैरहजर पक्षामुळे.

याचा प्रत्यय २०१८ मध्येच आला होता. एसटीचे करार चार-चार वर्षांचे, १ एप्रिलपासून मोजले जाणारे. २०१६ ते २०२० या मुदतीचा करार वेळेत झाला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत चार दिवसांचा संप झाला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो मागे घेतला गेला. त्यानंतर जून २०१८ च्या आरंभी तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४ हजार ८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा मोठा होता, पण तो दोन्ही पक्षांच्या सहीने ठरलेला नव्हता. ही रक्कम कोणत्या वेतनश्रेणीत किती आणि कोणत्या सूत्राने वाटायची यावर मतभेद झाले, आठवडाभरातच अघोषित संप झाला, आणि जाहीर केलेली पूर्ण रक्कम पदरात पडली नाही ही तक्रार पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक मागणीपत्रात येत राहिली. घोषणेत एकूण रक्कम असते, करारात वाटपाचे सूत्र असते. भांडणे नेहमी सूत्रावरून होतात.

करार लांबला की मधल्या काळासाठी काहीतरी द्या, ही मागणी ओघानेच येते, आणि तिच्यातून अंतरिम व्यवस्था जन्माला येतात. त्या निरनिराळ्या मार्गांनी येतात. न्यायनिवाड्याच्या मार्गाने येणारी अंतरिम मदत सर्वांत जुनी. औद्योगिक विवाद कायद्याने निवाड्याची व्याख्या करतानाच त्यात अंतरिम आणि अंतिम असे दोन्ही निर्णय धरले होते. दिल्लीतील हॉटेल इम्पीरियलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये मुख्य वादाशी निगडित असलेली अंतरिम मदत देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार मान्य केला. वेतन आयोगाच्या व्यवस्थेतही हीच कल्पना वेगळ्या रूपात दिसते: पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या निमित्ताने १९९३ पासून टप्प्याटप्प्याने अंतरिम मदत दिली गेली, आणि नवी वेतननिश्चिती करताना तिच्या पहिल्या दोन हप्त्यांची रक्कम चालू वेतनात मिळवून पुढचा हिशेब करण्यात आला. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मधली रक्कम पुढच्या वेतनात कशी विरघळवायची याचा नियम लेखी होता.

बँकांनी तिसरा मार्ग काढला आहे. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यातील पहिला द्विपक्षीय करार १९६६ मध्ये झाला, आणि तेव्हापासून संपूर्ण उद्योगासाठी एकच करार करण्याची प्रथा टिकून आहे. करार वेळेवर होतात असे इथेही नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू व्हायच्या बाराव्या करारावर ८ मार्च २०२४ रोजी सह्या झाल्या. परंतु त्याच्या तीन महिने आधी, ७ डिसेंबर २०२३ रोजी, सामंजस्य करार झालेला होता. त्यात वाढ १७ टक्के राहील, तिचा पाया कोणत्या वर्षाचा वेतनखर्च असेल आणि उरलेला तपशील १८० दिवसांत पुरा करायचा, एवढे ठरवून टाकले होते. अशा कागदाने कर्मचाऱ्याच्या खात्यात त्या दिवशी एक पैसाही जमा होत नाही. तरीही तो अनेक अंतरिम वाढींपेक्षा भक्कम असतो, कारण रकमेवरचे भांडण मिटवून तो फक्त वाटपाचे भांडण शिल्लक ठेवतो आणि त्यालाही तारीख घालून देतो.

मुंबईच्या बेस्ट उपक्रमात जानेवारी २०१९ मध्ये जे घडले, त्यात न्यायालय आणि वाटाघाटी यांची सांगड पडली. ८ जानेवारीला सुरू झालेला संप नऊ दिवस चालला. बेस्टच्या इतिहासातला तो सर्वांत लांबलेला संप मानला जातो. कनिष्ठ कामगारांच्या वेतनश्रेणीचा आणि बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात मिसळण्याचा, असे दोन मुख्य प्रश्न होते. उच्च न्यायालयात ठरले ते असे की, कामगारांना जानेवारीपासून दहा टप्प्यांची वेतनवाढ द्यायची आणि बाकीच्या मागण्यांसाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी मध्यस्थ म्हणून तीन महिन्यांत तोडगा काढायचा. संपाचे काटे तेवढ्यावर फिरले, कारण कामगारांना ‘आत्ता काय’ आणि ‘पुढचे कोण, कधीपर्यंत ठरवणार’ ही दोन्ही उत्तरे एकाच आदेशात मिळाली होती, आणि ती घेऊन कामगारांसमोर उभी राहणारी संघटनाही होती.

एसटीच्या बाबतीत २०२१ मध्ये नेमका इथेच सांधा निखळला. ऑक्टोबरच्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण केले, महागाई भत्ता २८ टक्के करण्यासारख्या मागण्या मान्य झाल्या आणि नेत्यांच्या दृष्टीने आंदोलन आटोपले. आगारांतील कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ते तिथून सुरू झाले. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांनी वातावरण आधीच तापलेले होते. विलीनीकरणाची मागणी पुढे आली, एकामागून एक आगारे बंद पडत गेली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातील सुमारे २५० आगारांचे कामकाज ठप्प झाले. हा संप नसून दुखवटा आहे, अशी भूमिका कर्मचाऱ्यांनी घेतली. संप म्हटले की नोटीस, कौल, बेकायदा ठरण्याची भीती हे सगळे आले, दुखवट्याला ते लागू नाही, असा त्यामागचा कायदेशीर डाव होता. न्यायालयाने संपाला मनाई केलेली असताना तो कितपत टिकणारा होता हा प्रश्न वेगळा. या सर्व काळात मान्यताप्राप्त संघटना बाजूला पडली होती, आंदोलनाची सूत्रे आझाद मैदानावर जमलेल्या कर्मचाऱ्यांकडे, त्यांच्या वकिलांकडे आणि काही राजकीय नेत्यांकडे गेली होती, आणि उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर विलीनीकरणाचा विचार करण्यासाठी सरकारने मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली होती.

अशा परिस्थितीत २४ नोव्हेंबरची घोषणा झाली. तिची रचना सेवेच्या वर्षांवर बेतलेली होती: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांच्या ४,००० आणि त्यापुढील सेवेच्या कर्मचाऱ्यांच्या २,५०० रुपये. पगार दर महिन्याच्या १० तारखेच्या आत होईल, अशीही हमी दिली गेली. वाढ भत्त्यात नव्हे तर मूळ वेतनात होती ही मोठी गोष्ट होती, कारण महागाई भत्ता आणि घरभाडे मूळ वेतनावर मोजले जातात. त्या वेळी मांडलेल्या हिशेबानुसार १२,०८० रुपये मूळ वेतन असलेल्या नवख्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १७,०८० झाले आणि भत्त्यांसह एकूण वेतन १७,३९५ वरून २४,५९४ वर गेले; म्हणजे कागदावरच्या ५,००० रुपयांचे प्रत्यक्षात सुमारे ७,२०० झाले. तीस वर्षे सेवा झालेल्या, ३७,००० रुपये मूळ वेतनाच्या कर्मचाऱ्याचे एकूण वेतन ५३,२८० वरून ५६,८८० झाले. पहिल्याची वाढ ४१ टक्क्यांची, दुसऱ्याची सात टक्क्यांहूनही कमी.

सरकारचा विचार यामागे उघड दिसतो आणि तो अगदीच अन्यायाचा होता असे नाही. हलाखी खालच्या पायरीवर जास्त होती, संपात तरुण कर्मचारी आघाडीवर होते, आणि उपलब्ध पैसा जिथे सर्वाधिक परिणाम करील तिथे वळवणे हे वाटाघाटीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे होते. अडचण वाढ कमी-जास्त देण्यात नव्हती, ती टप्प्यांच्या सीमारेषेवर होती. ज्याची सेवा दहा वर्षांना काही महिने कमी आहे त्याला ५,००० आणि ज्याची दहा वर्षे नुकतीच उलटली त्याला ४,०००, म्हणजे मागच्याला पुढच्यापेक्षा १,००० रुपये अधिक. १६,००० रुपये मूळ वेतनावर वार्षिक वेतनवाढ तीन टक्के धरली तरी ती ४८० रुपये होते; तेव्हा या हजार रुपयांनी ज्येष्ठाच्या दोन वर्षांच्या वेतनवाढी एका दिवसात पुसून टाकल्या. वीस वर्षांच्या सीमेवर हाच फरक १,५०० रुपयांचा होता. एकाच गाडीवर ड्यूटी करणाऱ्या दोघांपैकी आधी लागलेल्याचे मूळ वेतन नंतर लागलेल्यापेक्षा कमी, हे दृश्य त्यामुळे आगारोआगारी दिसू लागले. भत्ते मूळ वेतनावरच असल्याने हा फरक महागाई भत्त्याच्या प्रत्येक वाढीबरोबर आणखी रुंदावत जाणार होता.

आणि तरीही संप मिटला नाही. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी सदाभाऊ खोत आणि गोपीचंद पडळकर या नेत्यांनी आझाद मैदानावरून माघार घेतली व पुढचा निर्णय कर्मचाऱ्यांवर सोपवला; कर्मचाऱ्यांनी विलीनीकरणाशिवाय उठायचे नाही असे ठरवले. महामंडळाने निलंबन, बडतर्फी असे बडगे उगारले, अधूनमधून कामावर परतण्याच्या मुदती दिल्या. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या समितीच्या अहवालाने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले, आणि अखेर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याचे निर्देश देताना, परतणाऱ्यांवर बडतर्फीची कुऱ्हाड चालवू नये असे महामंडळालाही बजावले. पाच महिने ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थी, रुग्ण आणि बाजाराला जाणारी माणसे वडापच्या भरवशावर राहिली.

बेस्टच्या नऊ दिवसांशी तुलना करता ही घोषणा निष्फळ का ठरली, याचे उत्तर रकमेत सापडत नाही. रक्कम भरघोस होती. उत्तर असे की, ती एकतर्फी होती. तिच्यावर कर्मचाऱ्यांच्या बाजूने सही करणारे कोणी नव्हते आणि म्हणून ती स्वीकारली असे सांगून माणसांना कामावर परत आणण्याची जबाबदारीही कोणाची नव्हती. संघटनांच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून थेट कर्मचाऱ्यांशी बोलण्याचा मोह सरकारांना नेहमीच होतो, आणि पुढारी विकले गेले असा संशय आला की कर्मचाऱ्यांनाही तो होतो. पण सौदा मोडण्यासाठी जमाव पुरतो, करण्यासाठी पक्ष लागतो.

या अंतरिम वाढीत आणखी एक उणीव होती. ती किती काळ लागू राहील, अंतिम करारात ती जमेस धरली जाईल की वेगळी राहील, टप्प्यांमुळे निर्माण होणारी तफावत कोण आणि कधी दूर करील, यांपैकी कशाचेही बंधनकारक उत्तर दोन्ही पक्षांच्या सहीच्या कागदावर नव्हते. बँकांच्या सामंजस्य करारात १८० दिवस होते, बेस्टच्या आदेशात तीन महिने होते, पाचव्या आयोगाच्या अंतरिम मदतीला वेतननिश्चितीचा नियम होता. इथे ‘अंतरिम’चा शेवट उघडाच राहिला. ज्या वाढीला शेवट नसतो ती अंतरिम राहत नाही, पुढच्या सौद्याची पहिली पायरी बनते, आणि तिच्यातले वाकडेपणही पायरीबरोबर पक्के होते.

झालेही तसेच. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणेशोत्सव चार दिवसांवर आला असताना, कृती समितीने पुन्हा संप पुकारला. मुहूर्त अर्थातच योगायोगाने निवडलेला नव्हता. कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या आरक्षणाचे ते दिवस, आणि वाहतूक कामगारांचे सौदाबळ पंचांगाप्रमाणे चढते-उतरते हे २०१७ च्या दिवाळीपासून सर्वांनाच ठाऊक झालेले. ४ सप्टेंबरला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी झालेल्या बैठकीत मूळ वेतनात सरसकट ६,५०० रुपयांची वाढ एप्रिल २०२० पासून देण्याचे ठरले. तिची मांडणी पाहिली की तीन वर्षांपूर्वीच्या घोषणेची दुरुस्ती तिच्यात स्पष्ट दिसते: ज्यांना आधी ५,००० मिळाले होते त्यांना आणखी १,५००, ४,००० वाल्यांना २,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,०००. बेरीज सर्वांची सारखी. वरच्या उदाहरणातील नवखा आणि तीस वर्षे सेवेचा कर्मचारी यांच्या मूळ वेतनातील अंतर मुळात २४,९२० रुपयांचे होते, २०२१ च्या वाढीने ते २२,४२० वर आले होते, सरसकट वाढीने ते पुन्हा २४,९२० झाले. टक्केवारीने पाहता खालच्यांचा लाभ तरीही मोठाच राहतो, म्हणजे २०२१ चा मूळ हेतू सरसकट रकमेनेही साधला असता आणि सीमारेषेचा तिढा उद्भवलाच नसता. तेव्हा एवढा पैसा नव्हता असे उत्तर देता येईल, परंतु कमी रकमेची सरसकट वाढ देण्यास कोणाची हरकत नव्हती.

अशा वाटाघाटींचे नियम आता बदलले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने १९४७ च्या कायद्याची जागा घेतली असून, आस्थापनेतील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून, आणि तशी कोणी नसेल तर किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघटनांच्या प्रतिनिधींच्या परिषदेला चर्चेला बसवण्याची तरतूद तिच्यात आहे. १४ दिवसांच्या संपनोटिशीचे बंधनही, जे पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात केवळ सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांना होते, ते आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाले आहे. संप करणे यामुळे अवघड होईल. करार वेळेत होतील असे मानण्यास मात्र आधार नाही, कारण सार्वजनिक संस्थांतील विलंबाचे मूळ जिथे आहे त्या वित्त विभागाला चर्चेच्या खोलीत आणून बसवणारे कलम या संहितेत नाही. जोपर्यंत ते नाही तोपर्यंत अंतरिम वाढी येत राहणार, आणि त्या घेताना संघटनांनी रकमेच्या आधी तीन गोष्टी लेखी मागून घ्यायला हव्यात: वाढीची अखेरची तारीख, अंतिम करारात ती मिळवण्याचे सूत्र आणि सही करणाऱ्या दोन्ही पक्षांची नावे.

एसटीच्या कर्मचाऱ्यांना ६,५०० रुपयांची वाढ ज्या एप्रिल २०२० पासून मिळाली, तिथून मोजलेली कराराची चार वर्षे ३१ मार्च २०२४ रोजी संपली होती; तिच्यावरचा निर्णय झाला त्यानंतर पाच महिन्यांनी.